काळी बुरशी आणि नितळ रस



आंब्याच्या हंगामात बाजारात गेलात तर टाकून दिलेल्या फळांतला एखादा आंबा उचलून पाहा. देठाजवळ बोट टेकलं की आत जातं, आणि वर काजळीसारखी काळी भुकटी दिसते. ही बहुधा अ‍ॅस्परजिलस नायजर. कांद्याच्या सालीवर गृहिणींना रोज भेटणारी हीच.

फळ लिबलिबीत का होतं? फळाच्या पेशी एकमेकींना धरून असतात त्या पेक्टिनमुळे. पेरूची जेली थिजते तीही त्याच्याच जोरावर. बुरशीला तोंड नाही की पोट नाही. ती आपली विकरं, म्हणजे एन्झाइम, अंगाबाहेर सोडते, समोरचं अन्न जागच्या जागी पचवते आणि विरघळलेलं शोषून घेते. पेक्टिन तोडणारं विकर ते पेक्टिनेज. फळाचा रस पेक्टिनमुळेच गढूळ राहतो आणि गाळताना तुंबतो. म्हणून १९३० च्या दशकापासून रसाच्या कारखान्यांत हे विकर वापरतात. नासवणाऱ्याकडूनच रस नितळून घ्यायचा, असा हा व्यवहार!

या बुरशीचं विकर आंबट रसात उत्तम चालतं, कारण तिचं बिऱ्हाडच आंबट फळात. उलट बॅसिलस जातीच्या काही जिवाणूंची पेक्टिन तोडणारी विकरं अल्कलीत चालतात. ती सुती कापड धुण्याच्या कामी येतात, कॉस्टिक सोडा वाचतो. आणि हे सगळं प्रयोगशाळेतूनच आलं असं समजू नका. अंबाडीचे देठ ओढ्यात कुजत घालून वाख सोडवणारे आपले शेतकरी पेक्टिन तोडणाऱ्या जिवाणूंकडूनच काम करून घेत होते, नाव माहीत नसताना.

असा जीव हुडकायचा कसा? कुजक्या सालीचं धुवण खूप पातळ करून पेक्टिन घातलेल्या आगरच्या बशीत पसरायचं. दोनतीन दिवसांत ठिपके उगवतात. मग वर आयोडिन ओतायचं. सगळी बशी तपकिरी होते, पण ज्या ठिपक्याने पेक्टिन खाल्लं त्याच्याभोवती फिकं कडं उमटतं. कडं जितकं रुंद, तितका तो कामाचा. विद्यार्थ्यांचे चेहरे तेव्हा बघण्यासारखे असतात.

मात्र कडं दिसलं म्हणजे कारखाना उभा राहिला, असं नव्हे. असे जीव सापडल्याचे निबंध उदंड निघतात. माझ्या मते सापडणं हा त्यातला सोपा भाग. या काळ्या बुरशीचंच घ्या: तिचे काही वाण ऑक्रॅटॉक्सिन नावाचं विष बनवतात, तेव्हा अन्नासाठी वाण पारखूनच घ्यावा लागतो. आणि संत्र्याच्या सालीवर, गव्हाच्या कोंड्यावर ती वाढवायची, तर पातळ थरात जोमाने वाढणारी बुरशी जाड थरात स्वतःच्याच उष्णतेने होरपळते. थर उलटायचा, तर तिचे तंतू तुटतात. खालून गार, ओलसर हवा सोडायची, तर विजेचं बिल वाढतं. साल फुकट मिळूनही विकर स्वस्त होत नाही ते इथे.