निरंक नोंदवहीवर संशय

पत्रिकेत विषय छापला आहे 'औद्योगिक सुरक्षा आणि व्यवस्थापन'. समोर सातपूर, अंबड, गोंद्याच्या कारखान्यांचे अधिकारी आहेत, त्र्यंबकचे लॉजमालक आहेत, सिंहस्थाच्या कामांवरचे ठेकेदारही दिसतात. त्यामुळे १९४८चा कारखाने अधिनियम आपणा सर्वांना पाठ आहे असं धरून चालतो. (हशा) मला एवढंच पटवायचं आहे: व्यवस्थापक सुरक्षिततेकडे दुर्लक्ष करतो ते धोका कळत नाही म्हणून नव्हे. वाईट बातमी त्याच्या टेबलापर्यंत येत नाही, आणि आलीच तर तिला स्वतःच्या नावाने उत्तर देण्याची सक्ती त्याच्यावर नसते. दर महिन्याला 'निरंक' शेरा पडणारी अपघात नोंदवही पाहून साहेब खूश होतात. मला तिथे शंका येते, की या कारखान्यात सांगायला लोक घाबरतात.

आपण व्यवस्थापकांना काय सांगतो? ४ मार्चला फलक लावतो, शपथ देतो आणि म्हणतो, 'सुरक्षितता फायद्याची असते.' हा युक्तिवाद लंगडा आहे. खर्च या वर्षीच्या हिशेबात दिसतो आणि न झालेला अपघात कुठल्याच ताळेबंदात चढत नाही, हे व्यवस्थापकाला आपल्यापेक्षा चांगलं कळतं. भोपाळच्या वायुगळतीचं पाहा. मिथाइल आयसोसायनेट थंड ठेवणारी यंत्रणा जून १९८४मध्ये बंद केली होती. गळलेला वायू जाळून टाकणाऱ्या मनोऱ्याचा पाइप दुरुस्तीसाठी काढलेला होता. पाळीवरची माणसं आधीच कमी केली होती. एकेका कागदावर ही काटकसर शहाणपणाचीच वाटली असणार. सगळ्यांची बेरीज २ डिसेंबरच्या रात्री झाली. इथे कोणी म्हणेल, बातमी तर वर गेली होती! बरोबर आहे. मे १९८२मध्ये खुद्द मूळ कंपनीच्या पथकाने तपासणी करून त्रुटी लिहून दिल्या होत्या. पण नुसता अहवाल पुरत नाही. त्यातल्या प्रत्येक ओळीसमोर एक नाव आणि एक तारीख लागते.

म्हणून कारखाने अधिनियमातली १९८७ची दुरुस्ती मला सर्वांत महत्त्वाची वाटते. कंपनीच्या कारखान्याचा कायद्याने जबाबदार 'भोगवटादार' म्हणजे संचालकांपैकीच एक, असं तिने ठरवलं. त्याआधी एखाद्या कनिष्ठ अधिकाऱ्याचं नाव पुढे करता येई. कंपन्या याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयापर्यंत भांडल्या, आणि १९९६मध्ये न्यायालयाने तरतूद उचलून धरली. हेल्मेटच्या खर्चावरून कोणी इतकं लढलं नसतं! (हशा) वरच्या माणसाने जबाबदारी घेतली की काय होतं तेही पाहा. अमेरिकेत अ‍ॅल्कोआ या अ‍ॅल्युमिनियम कंपनीची सूत्रं १९८७मध्ये पॉल ओनील यांनी घेतली. गुंतवणूकदारांसमोरच्या पहिल्याच भाषणात ते नफ्याऐवजी कामगारांच्या सुरक्षिततेवर बोलले, आणि ऐकणारे चक्रावले. त्यांचा नियम साधा होता: कामगाराला इजा झाली की विभागप्रमुखाने चोवीस तासांत त्यांना कळवायचं, आणि ती पुन्हा होऊ नये म्हणून काय करणार तेही सांगायचं. चोवीस तासांत वर कळवायचं तर फोरमनने त्याआधी कळवलं पाहिजे, आणि फोरमनला मशीनवरच्या माणसाने. बातमीचा रस्ता तयार होतो तो असा.

मागच्या रांगेतून आवाज आला, 'ही मोठ्या कंपन्यांची चैन.' ठीक, मग त्र्यंबकचंच घेऊ. यात्रेच्या गर्दीत लॉजची सेप्टिक टँक तुंबते. झाकण उघडतात, एक माणूस दोरीशिवाय उतरतो. आतल्या हायड्रोजन सल्फाइडला सुरुवातीला सडक्या अंड्यांचा वास येतो. प्रमाण वाढलं की नाकच बधिर होतं आणि वास गेला असं वाटतं. माणूस कोसळतो. वरचा दुसरा त्याला काढायला उतरतो, तोही पडतो, आणि मग तिसरा. यात बेफिकिरी शोधू नका, दुसरा आणि तिसरा तर जीव वाचवायला गेलेले असतात. मालक म्हणतो, 'माणूस ठेकेदाराचा होता.' मैलासफाईबाबतचा २०१३चा कायदा ही पळवाट ठेवत नाही. धोकादायक सफाईसाठी प्रत्यक्ष किंवा अप्रत्यक्षपणेही कोणाला कामाला लावायचं नाही, असं तो सांगतो. गटारसफाईतल्या मृत्यूची भरपाई सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२३मध्ये दहा लाखांवरून तीस लाखांवर नेली. आणि पुरोहितमंडळी, कृपया रागावू नका. अपघातांमागून अपघात झाले की कारखानदार इथे त्र्यंबकला शांतीसाठी येतात. त्यांनी जरूर यावं, फक्त संकल्प सोडण्याआधी व्हॉल्व्ह कोणी तपासला तेही विचारा. (हशा, टाळ्या)

अध्यक्षांची चिठ्ठी आली आहे, पाचच मिनिटं उरली. १ जानेवारी २०२३च्या मुंढेगावच्या कारखान्यातल्या आगीवर बोलायचं राहिलं. निदान इगतपुरीच्या मंडळींना ती वेगळी सांगायला नको. एका आक्षेपाला मात्र उत्तर देतो. 'प्रत्येक किरकोळ गोष्ट कळवायची तर कामगार खोट्या तक्रारी करतील.' काही करतीलही. पण खोटी तक्रार तपासायला अर्धा तास जातो, आणि खरी दडपली गेली तर ती कोणती होती हे चौकशी समिती सांगते. शिवाय दंडाच्या भीतीने गप्प बसणाऱ्यांपुढे हे बोलघेवडे फार थोडे निघतात. तेव्हा नोंदवहीत 'थोडक्यात वाचला' असा रकाना आखा आणि ज्याने कळवलं त्याचा पगार कापू नका. सफाईच्या करारात माणूस आत उतरणार नाही, सक्शन टँकरच लागेल, असं लिहा आणि खाली मालकाने स्वतः सही करावी, मॅनेजरने नाही. प्रश्न चिठ्ठीवर द्या. ठेकेदारांचे आधी घेतो, त्यांना पहाटे स्लॅबवर जायचं आहे.