खाजकुयलीची मखमल
(वनोपज गोळा करणाऱ्या सदस्यांच्या मेळाव्यात एका ताईंनी केलेले भाषण)

मला भाषणाची सवय नाही, पण गेल्या माघातली माझी चूक सगळ्यांना कळावी म्हणून उभी राहिले.

खाजकुयलीच्या बियांना औषधवाल्यांकडे मागणी आहे. कंपवाताच्या औषधात जे लेव्होडोपा असतं, तेच या बियांत असतं. म्हणून आपण शेंगा गोळा करतो. मी त्या अंगणातच झोडल्या. वारा सुटलेला, पलीकडे सासूबाई तांदूळ निवडत बसलेल्या. डोळ्यात लव गेली, त्यांनी पदराने डोळा चोळला. आठ दिवस तो डोळा उघडत नव्हता.

मग लेक एक शेंग डबीत घालून कॉलेजात घेऊन गेली आणि मला सूक्ष्मदर्शकाखाली दाखवली. नुसत्या डोळ्याला सोनेरी मखमल दिसते ना? तिथे बघितलं तर मखमल कुठली, नुसते भाले! एकेक केस दोनेक मिलिमीटरचा, टोक सुईहून बारीक, वर उलटे दाते. म्हणून चोळलं की तो बाहेर यायच्या ऐवजी आतच शिरतो. आपण आजवर हेच करत आलो, खाजलं की खसाखसा चोळायचं.

उत्तराखंडात बिच्छू घास असते. तिचा केस पोकळ, काचेसारखा. टोक मोडतं आणि आतला रस अंगात जातो. आपल्या कुयलीचा केस अख्खाच सुटून रुततो. त्यात म्युक्युनेन नावाचं विकर असतं, ते १९५५ साली शोधलं गेलं. मटण शिजायला कच्ची पपई लावतो, तिच्यातलं विकर याच जातीचं. ते प्रथिनं तोडतं, म्हणजे आपल्या कातडीलाही सोडत नाही. शेंग वाळली तरी त्याचा जोर जात नाही. आणि अंगावर पित्त उठल्यावर जी गोळी घेतो, तिचा या खाजेवर फारसा उपयोग होत नाही. मी दोन खाल्ल्या, उगाच झोप आली.

आता मी काय करते? पहाटे दव असताना शेंगा तोडते, ओली लव उडत नाही. फोडायच्या आधी पाणी शिंपडते. पूर्ण बाह्यांचा सदरा, हातमोजे, नाकातोंडाला फडकं, डोळ्याला चष्मा. जागा घरापासून लांब, पोरं जवळ नकोत. लव लागलीच तर चिकटपट्टी दाबून उचलायची, मग भरपूर पाणी. डोळ्यात गेली तर चोळायचं नाही, पाणी मारत राहायचं आणि तडक दवाखाना. ते कपडे घरच्या धुण्यात टाकायचे नाहीत.

माझ्या गटात आम्ही सातजणी कुयली काढतो आणि चष्मा एकच आहे, तोही जावेच्या मुलाचा. बाजारभावाची चर्चा दुपारी होईलच, पण त्याआधी चष्मे आणि हातमोजे ग्रामसंघाच्या निधीतून घ्यायचे की नाही ते ठरवू या. सचिवताई, ठराव लिहायला घ्या.