चेंडूला चेहरा देताना
(प्राथमिक शिक्षकांच्या केंद्रसंमेलनातील भाषण)



हस्तकामाच्या तासाला मुलांकडून काय करून घ्यावे, हा प्रश्न पुष्कळ शाळांतून विचारला जातो. साधने नाहीत, शिलकेत पैसा नाही, ही अडचणही त्याबरोबरच मांडली जाते. या प्रश्नाचा विचार करण्यासाठी आज जे उदाहरण घेतले आहे ते दूर अमेरिकेतील असून एका अगदी क्षुल्लक वस्तूचे आहे. तथापि क्षुल्लक वस्तूच पुष्कळदा चांगला धडा देऊन जाते.

मोटारीतील रेडिओसाठी पूर्वी मोटारीच्या बाहेर धातूची एक उभी काडी बसविलेली असे. तिला अँटेना म्हणतात. या काडीच्या टोकावर खोचण्यासाठी तिकडे लिंबाहून थोडा मोठा, हलका, बुडाशी छिद्र असलेला चेंडू मिळू लागला. युनियन ७६ या पेट्रोल विकणाऱ्या कंपनीने १९६७ पासून नारिंगी रंगाचे असे चेंडू प्रसारात आणले. त्यांवर ७६ हा आकडा छापलेला असे. हेतू उघडच जाहिरातीचा होता. परंतु शेकडो मोटारी एके ठिकाणी उभ्या असता आपली मोटार दुरूनच ओळखता यावी, असा उपयोग लोकांनी आपणहून शोधून काढला. पुढे १९९५ च्या सुमारास ‘जॅक इन द बॉक्स’ या खाद्यगृहांनी आपल्या जॅक नावाच्या विदूषकाचे डोके याच रूपात आणले, आणि ते फार लोकप्रिय झाले.

या जॅकचे डोके पाहण्यासारखे आहे. पांढरा गोल, दोन निळे ठिपके म्हणजे डोळे, टोकदार नाक, लाल वक्ररेषा म्हणजे हसू, आणि वर पिवळी निमुळती टोपी. एवढ्याच खुणा, तरी रस्त्यावरचे लहान मूलही त्यास ओळखी. तात्पर्य, पात्र निर्माण होते ते तपशिलाच्या विपुलतेने नव्हे, तर नेमक्या चार खुणांच्या निवडीने.

आता नव्या मोटारींची अँटेना बहुधा काचेत दडलेली असते किंवा टपावर माशाच्या पराएवढ्या उंचवट्यात असते. त्यामुळे या चेंडूंना बसावयास जागाच उरली नाही. हौशी मंडळी असा जुना चेंडू घेऊन त्यावरील छाप रंगाखाली झाकतात व आपल्या आवडीचे पात्र त्यावर उतरवितात. मग तो मोटारीऐवजी पेन्सिलीच्या टोकावर किंवा बोटावर बसतो. परक्या कंपनीची जाहिरात अशा रीतीने घरातले माणूस बनते.

ही कृती आपल्या शाळेत करण्यास मोटारीचा चेंडू मुळीच आवश्यक नाही. थर्मोकोलचा गोळा, फुटका रबरी चेंडू किंवा चिंध्या घट्ट बांधून केलेला चेंडू पुरे आहे. त्यास बुडाशी छिद्र पाडून बांबूची गुळगुळीत काडी खोचावी. पृष्ठभागावर पांढऱ्या गोंदात थोडे पाणी मिसळून पातळ हात द्यावा व तो पूर्ण वाळू द्यावा. म्हणजे रंग नीट धरतो. रंग पाण्यात कालवण्याचाच घ्यावा. तैलरंगातील पातळ द्रव थर्मोकोलला खातो आणि गोळ्यास खड्डे पडतात. प्रथम चेहऱ्याचा सबंध रंग, तो वाळल्यावर केस, व शेवटी डोळे, असा क्रम ठेवावा. डोळ्यांसाठी आगकाडीचे गुल नसलेले टोक रंगात बुडवून टेकवावे. वाळत असता काडी वाळूने भरलेल्या डब्यात उभी करावी. थर्मोकोलचे कण लहान मुलांच्या तोंडात जाणार नाहीत, याकडे लक्ष असावे.

पात्र कोणते घ्यावे? येथे शिक्षकाने घाई करू नये. भोपळ्यात बसून लेकीच्या घरून परतणारी म्हातारी प्रत्येक मुलास ठाऊक आहे. नारिंगी चेंडू भोपळा होतो. पांढऱ्या सुताचा अंबाडा लावलेला दुसरा चेंडू म्हातारी होतो. तिसऱ्यास आयाळ लावली की सिंह तयार. रंग हाती देण्यापूर्वी मुलांना विचारावे : “म्हातारी आहे हे कशावरून ओळखाल? तीनच खुणा सांगा.” या एका प्रश्नात निरीक्षण, निवड व भाषा या तिन्हींचा अभ्यास होतो.

एक दोष मात्र कटाक्षाने टाळला पाहिजे. प्रदर्शन जवळ आले की शिक्षक स्वतःच डोळे काढून देतात, नाक सरळ करतात, आणि चाळीस मुलांच्या चाळीस म्हाताऱ्या एकाच चेहऱ्याच्या होतात. पाहुणे वाखाणणी करतात. परंतु आपली म्हातारी त्यांत कोणती, हे मुलास सांगता येत नाही. एखादीचा डोळा वर गेला असेल, एखादीचे तोंड वाकडे झाले असेल. ती त्या मुलाची आहे, तिला हात लावू नये.

याचे खरे फळ पुढे दिसते. वाचनाच्या तासाला पुस्तकातील वाक्यावर अडखळणारे मूल काडीवरची म्हातारी पुढे धरून तिच्या तोंडून आपल्या घरची बोली बोलू लागते. सर्वांच्या नजरा बाहुलीकडे असतात, म्हणून त्याचा संकोच गळून पडतो. अशा वेळी शिक्षकाने शब्द सुधारण्यासाठी मध्ये बोलू नये. प्रमाण भाषा उद्याही शिकविता येईल; आज उघडलेले तोंड मिटले तर ते पुन्हा केव्हा उघडेल, याचा नेम नाही.

फ्रोबेल या जर्मन शिक्षणतज्ज्ञाने बालकांसाठी जी खेळणी योजिली, त्यांतील पहिली देणगी म्हणजे लोकरीचे रंगीत चेंडूच होते. ताराबाई मोडक यांनी १९४५ साली बोर्डी येथे ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले, तेव्हा परिसरात मिळणाऱ्या वस्तूंतून शिक्षणाची साधने घडविण्याचा मार्ग त्यांनी आपल्याकडे घालून दिला. तोच मार्ग खेड्यातील शाळेस मोकळा आहे.

येत्या महिन्यात प्रत्येक वर्गाने एक गोष्ट निवडावी, तिची पात्रे मुलांनीच करावीत, आणि शनिवारी ती मुलांच्याच तोंडून ऐकावी. एवढे झाले तरी पुष्कळ झाले. चेंडूला चेहरा मूल देते. त्या मुलाला आवाज मिळेल इतके थांबणे, हे शिक्षकाचे काम होय.