रोपं घेण्याआधी चार प्रश्न
गंगापूरच्या आम्ही बचतगटाच्या बाया आज मोगली एरंडाबद्दल बोलतोय. नाशिकच्या विनायकदादा पाटलांनी त्याची शेती फार आधी करून पाहिली. २००३ साली नियोजन आयोगाच्या समितीनंही बायोडिझेलसाठी हेच झाड सुचवलं. पडीक रानात, बिनपाण्याचं येतं, असं सांगितलं गेलं. झाड जगतं खरं, पण पाण्याखताशिवाय बी फारसं धरत नाही. लिटरभर तेलाला ३-४ किलो बी लागतं. बी विषारी असतं. लेकरांच्या हाती लागू देऊ नका, पेंड जनावरांपुढं टाकू नका.

कुणी रोपं घेऊन आलं, तर बैठकीत आधी विचारू: बी कोण घेणार? कुठं? काय भावानं? लेखी देणार का? उत्तरं मिळाली, तरच खड्डे खोदू.