यंत्र, पाणी आणि फुटाचा दर



शहरात एखादी इमारत पूर्ण होत आली की अखेरच्या आठवड्यांत तेथे एक यंत्र दाखल होते. चार माणसे ते जिन्यावरून वर चढवितात. विजेची मोटर, तिच्याखाली गरगर फिरणारी जड तबकडी, तबकडीत बसविलेले कार्बोरंडमचे दगड, हाती धरावयाचा लांब दांडा आणि पाणी सोडण्याची नळी, एवढीच त्याची रचना. फरशी घासून तिला चकाकी आणणारे हे पॉलिशचे यंत्र सहसा कोणाच्या नजरेत भरत नाही. नजरेत भरते ती त्याने मागे ठेवलेली चकाकी. त्या चकाकीचा हिशेब मांडणे हा या विवेचनाचा विषय आहे.

हे काम पायरीपायरीने चालते. मोझॅकची फरशी बसवून ती पुरेशी पक्की झाली की प्रथम ४८ ते ६० क्रमांकाच्या भरड दगडाने तिची घिसाई होते. उंचसखल भाग सपाट होतो आणि सिमेंटच्या पापुद्र्याखालच्या संगमरवरी चिपांचे रंग उघडे पडतात. राहिलेली बारीक छिद्रे सिमेंटच्या लेपाने बुजवून तो लेप काही दिवस मुरू देतात. त्यानंतर १२० क्रमांकाचा आणि शेवटी ३२० क्रमांकाचा दगड फिरतो. अखेरीस ऑक्झॅलिक आम्लाची पूड चौरस मीटरला सुमारे ३३ ग्रॅम या प्रमाणात पसरून, पाणी शिंपडून, नमद्याने फरशी चोळली जाते. कार्बोरंडम म्हणजे सिलिकॉन कार्बाइड. अमेरिकेतील एडवर्ड अ‍ॅचेसन यांनी १८९१ साली ते विजेच्या भट्टीत तयार केले. इतका कठीण पदार्थ कारखान्यात मुबलक तयार होऊ लागला, आणि दगडाची घासणी यंत्राकडे सोपविण्याचा मार्ग मोकळा झाला.

त्यापूर्वी हे काम हातांनी होत असे. मजूर स्त्रीपुरुष उकिडवे बसून, पाणी शिंपीत, दगडाचा ठोकळा फरशीवर मागेपुढे घाशीत. यंत्राने ही कंबरमोड संपविली, हे निर्विवाद आहे. यंत्र आले म्हणून माणूस बुडाला, अशी ओरड करणे समाजवाद्याला शोभणारे नाही. यंत्राचे विरोधक म्हणून ज्यांना ओळखले गेले त्या गांधीजींनीही शिवणयंत्राचा अपवाद आवर्जून केला होता, कारण त्या यंत्रामागे त्यांना लोभाऐवजी प्रेमाची प्रेरणा दिसली. डॉ. राममनोहर लोहिया यांनी १९५२ च्या पंचमढी अधिवेशनातील अध्यक्षीय भाषणात त्यापुढचे पाऊल टाकले. भांडवलशाही आणि साम्यवाद या दोहोंनी सारख्याच श्रद्धेने पूजिलेल्या अजस्र यंत्राऐवजी त्यांनी छोट्या यंत्राचा पर्याय मांडला.

पॉलिशचे यंत्र बाह्यतः या वर्णनात चपखल बसते. ते लहान आहे, विजेवर चालते, एकच माणूस ते चालवितो, आणि त्यासाठी धुराडे लागत नाही की गिरणीचा भोंगा लागत नाही. तरीही त्याने कामगाराला स्वामित्व दिले नाही. बहुधा यंत्र ठेकेदाराचे असते, दगड आणि आम्ल त्यानेच आणलेले असते, वीज बांधकामाची असते. कामगाराचे स्वतःचे म्हणावे असे त्यात फक्त शरीर असते. शिवाय कडा घासण्याचे हातातले ग्राइंडर जेथे कामगाराच्या मालकीचे आहे तेथेही त्याची स्थिती फारशी पालटत नाही. यंत्र छोटे असून किंवा ते कामगाराच्या मालकीचे असूनही भागत नसेल, तर गाठ आणखी कोठेतरी बसलेली आहे. ती शोधण्यासाठी पाण्यापासून सुरुवात केली पाहिजे.

फरशीच्या यंत्राला पाणी लागतेच. पाण्यामुळे दगड तापत नाही, आणि घासून निघालेले पीठ हवेत न उडता रेंद्याच्या रूपाने जमिनीवर राहते. या यंत्रावरच्या कामगाराला मोठे भय असते ते विजेचे. ओल्या जमिनीवर, अनवाणी पायांनी, चार ठिकाणी जोडलेली आणि चिकटपट्टीने गुंडाळलेली वायर ओढीत तो उभा असतो. अर्थिंगची तार आणि तीस मिलिअ‍ॅम्पियरच्या गळतीला प्रवाह तोडणारे लहानसे उपकरण, एवढ्यावर त्याचा जीव वाचू शकतो. हा खर्च इमारतीच्या एकूण खर्चात दिसूनही येणार नाही.

खरा घात होतो तो पाणी नसते तेथे. आता स्वयंपाकघराचा ओटा पाहावा. त्यावर ग्रॅनाइटची लादी बसते. तिची कड गोल करावयाची, बेसिनसाठी भोक पाडावयाचे आणि मग त्या कडेला पॉलिश आणावयाचे, हे सारे काम हातातल्या ग्राइंडरने बहुधा कोरडेच होते. काही क्षणांत खोली पांढऱ्या धुक्याने भरते. कामगाराच्या तोंडावर फार तर रुमाल असतो. फुप्फुसात खोल जाणारा कण माणसाच्या डोळ्यांना दिसत नाही, आणि रुमालाच्या विणीतून तो बिनदिक्कत आत शिरतो.

दगडादगडांत फरक आहे, हे कार्यकर्त्याने नीट समजून घेतले पाहिजे. शहाबादी फरशी आणि कोटा हे चुनखडक आहेत. मकराण्याचा संगमरवरही मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेटच. त्यांची धूळ आरोग्याला हितकर नाहीच, पण त्यांत स्फटिकरूप सिलिका तुलनेने थोडी असते. ग्रॅनाइटमध्ये मात्र तिचे प्रमाण सामान्यतः पाव हिश्शाच्या आसपास किंवा त्याहून अधिक असते आणि वालुकाश्मात त्याहूनही पुष्कळ अधिक. अलीकडे ओट्यांसाठी क्वार्ट्झ या नावाने जो कृत्रिम दगड विकला जातो, त्यात ती नव्वद टक्क्यांच्याही वर जाऊ शकते. ऑस्ट्रेलियाने १ जुलै २०२४ पासून अशा दगडाच्या निर्मितीवर, पुरवठ्यावर आणि वापरावर बंदी घातली. तेथील तरुण कामगारांची फुप्फुसे निकामी होऊ लागली आणि कामगार संघटनांनी तो प्रश्न लावून धरला, तेव्हा ही बंदी आली.

या धुळीने होणाऱ्या रोगाचे नाव सिलिकोसिस. सिलिकेचा सूक्ष्म कण वायुकोशात जाऊन बसला की शरीराला त्याचा निचरा करता येत नाही. त्याच्याभोवती व्रण धरतात, फुप्फुस ताठर होत जाते, आणि धुळीचे काम सोडल्यावरही रोग पुढे सरकत राहू शकतो. त्यावर पूर्ण बरे करणारे औषध नाही. सामान्यतः हा रोग वर्षानुवर्षांच्या कामानंतर प्रकटतो, परंतु धूळ फार दाट असेल तर थोड्या वर्षांत, कधी महिन्यांतही, माणूस खचतो. सिलिकोसिसच्या रोग्याला क्षय होण्याची शक्यताही वाढते. त्यामुळे खोकणाऱ्या मजुराच्या कागदावर ‘क्षय’ एवढाच शब्द पडतो, औषधे सुरू होतात, आणि त्याने आयुष्यभर कोणते काम केले हा प्रश्न विचारावयाचा राहून जातो. रोगाला खरे नाव मिळत नाही, आणि म्हणून जबाबदारीलाही धनी मिळत नाही.

हे सारे अज्ञानातून घडते, असे म्हणण्याची सोय नाही. पाण्याने धूळ दबते, हे दगडाचे काम करणाऱ्यांना फार पूर्वीपासून ठाऊक आहे. ठाऊक असूनही पाणी का टाळले जाते, याचे उत्तर इतिहासातील एका प्रकरणात स्पष्ट दिसते. १९३० साली अमेरिकेच्या वेस्ट व्हर्जिनिया राज्यात जलविद्युत प्रकल्पासाठी सुमारे तीन मैलांचा ‘हॉक्स नेस्ट’ बोगदा खणण्यास आरंभ झाला. खडकात सिलिका विपुल होती. पाणी सोडून छिद्रे पाडली असती तर धूळ दबली असती, पण काम मंदावले असते. म्हणून कोरडेच खणले गेले. कामगारांत दक्षिणेकडून पोटासाठी आलेले कृष्णवर्णीय बहुसंख्य होते. त्यांतील शेकडो सिलिकोसिसने मेले, आणि १९३६ मध्ये अमेरिकी काँग्रेसच्या उपसमितीला त्याची चौकशी करावी लागली. तो प्रकल्प युनियन कार्बाइडसाठी होता. भोपाळच्या १९८४ च्या वायुकांडाने भारतात घरोघर पोचलेले नाव ते हेच.

वेस्ट व्हर्जिनियाचा बोगदा आणि एखाद्या सदनिकेतील ओटा यांत आकाराचा फरक प्रचंड आहे, परंतु हिशेब एकच आहे. पाणी म्हणजे वेळ, आणि वेळेचे पैसे कोणी द्यावयाचे नाहीत. फरशीचा ठेका चौरस फुटावर ठरतो, ओट्याच्या कडेचा रनिंग फुटावर. दर ठरताना दगड मोजला जातो, चकाकी पाहिली जाते. पाणी आणणे, रेंदा उपसणे, तो गोणीत भरून खाली नेणे आणि खोली पुन्हा धुणे यांना त्या दरात स्थान नसते. एवढेच नव्हे, साध्या ग्राइंडरवर पाणी ओतणे म्हणजे विजेच्या धक्क्याला आमंत्रण. पाण्यासह चालविण्यासाठी बनविलेले यंत्र वेगळे असते आणि त्याला अधिक पैसे पडतात. अशा स्थितीत जो कामगार पाणी वापरील त्याची दिवसाची कमाई घटते, आणि जो कोरडे घाशील तो संध्याकाळी चार पैसे अधिक घेऊन जातो. कामगार आपण होऊन धूळ पत्करतो, असे जे म्हटले जाते त्याचा अर्थ एवढाच. फुटाचा दर त्याला स्वतःच्याच श्वासाविरुद्ध पैज लावावयास भाग पाडतो. म्हणूनच मुखपट्टी बांधा, काळजी घ्या, असा उपदेश त्याला करीत राहणे निष्फळ आहे. गाठ दरात बसली आहे, आणि सुटायची तर तेथेच सुटेल.

येथे मध्यमवर्गीय सहानुभूतिदारानेही आपल्या घरात डोकावून पाहावे. राहत्या घरात ओटा बदलताना रेंद्याचा त्रास नको, काम दोन दिवसांत उरका, असा आग्रह ठेकेदार धरीत नाही, घरमालक धरतो. सभेत श्रमिकांच्या हक्कांसाठी टाळी वाजविणारा हातच घरी पाण्याची बादली नाकारतो, हे कटू असले तरी खरे आहे.

कायद्याने काय केले? १९४८ च्या कारखाना कायद्यात सिलिकोसिस हा कळविणे बंधनकारक असलेला रोग होता, पण चार दिवस यंत्र चाललेली सदनिका काही कारखाना ठरत नाही. १९९६ मध्ये बांधकाम कामगारांसाठी स्वतंत्र कायदा झाला आणि कल्याणासाठी उपकर आला. तथापि त्या कायद्याला दहा कामगारांची अट होती. २१ नोव्हेंबर २०२५ रोजी लागू झालेल्या श्रमसंहितांत जुने कायदे विलीन झाले, परंतु बांधकामाच्या व्याख्येतील दहांची अट तशीच राहिली. पॉलिशवाल्यांची टोळी दोघातिघांची असते. म्हणजे ज्याला संरक्षणाची सर्वाधिक निकड, तोच व्याख्येच्या उंबरठ्याबाहेर उभा.

न्यायालये मात्र काही पावले पुढे गेली आहेत. कामगाराचे आरोग्य हा घटनेच्या एकविसाव्या कलमातील जीविताच्या हक्काचा भाग आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये अ‍ॅस्बेस्टॉसच्या खटल्यात स्पष्ट केले. गुजरातेतील क्वार्ट्झ दळण्याच्या कारखान्यांत काम करून सिलिकोसिसने मेलेल्या, मध्य प्रदेशातून आलेल्या २३८ कामगारांच्या वारसांना प्रत्येकी तीन लाख रुपये द्यावेत, असा आदेश २०१६ मध्ये त्याच न्यायालयाने गुजरात सरकारला दिला. त्यातील तत्त्व मोलाचे आहे: ज्या राज्यात धूळ छातीत गेली, त्या राज्यावर जबाबदारी येते. राजस्थानने २०१९ मध्ये धोरण आखून प्रमाणित रोग्याला तीन लाख आणि मृत्यूनंतर वारसांना दोन लाख रुपयांची तरतूद केली. पण राजस्थानचा तरुण पुण्यात किंवा ठाण्यात ओटे घासून छाती पोखरून घेतो आणि मरावयास गावी जातो, तेव्हा त्याची भरपाई एकट्या त्याच्या गावाकडच्या राज्याने का सोसावी?

यातून कामाची दिशा निघते. मजूर अड्ड्यावर सकाळी उभे राहणाऱ्या पॉलिशवाल्यांची नोंदणी कल्याण मंडळात करवून घेणे हे पहिले काम. त्यासाठी नव्वद दिवसांच्या कामाचा दाखला लागतो आणि तो मिळविताना कार्यकर्त्याची सोबत निर्णायक ठरते. दुसरे काम दराचे. पाणी, रेंद्याची उचल आणि सुरक्षित यंत्र यांचा स्वतंत्र आकार ठेक्याच्या कागदावर लिहिला गेला पाहिजे, म्हणजे कोरड्या कामाचा फायदाच नाहीसा होईल. महानगरपालिका व सरकारी बांधकामांच्या निविदांपासून याचा आरंभ करता येईल. तिसरे असे की, ग्रॅनाइटची कापणी व कडेचे पॉलिश शक्य तेवढे शेडमध्ये पाण्याखाली व्हावे आणि घरात फक्त बसवणी राहावी. चौथे, खोकणाऱ्या मजुराला सरकारी रुग्णालयात नेताना त्याच्या कामाचा पूर्ण इतिहास कागदावर लिहून द्यावा आणि छातीच्या क्ष-किरण तपासणीचा आग्रह धरावा. यांपैकी एकाही कामासाठी क्रांतीची वाट पाहावी लागत नाही. दहांची अट रद्द करण्याचा लढा दीर्घ आहे, आणि तो या कामांतूनच उभा राहील.

यंत्राने माणसाची कंबर मोकळी केली, हे त्याचे ऋण आहे. त्याची छातीही मोकळी राहावी, यासाठी यंत्राला बोल लावण्याचे कारण नाही. पाणी वापरणाऱ्या कामगाराची मजुरी बुडू नये, एवढी व्यवस्था करावयाची आहे, आणि ती करण्याची जबाबदारी संघटनेची आहे.