गुळाचे वेष्टन आणि ग्राहकाचा विश्वास
(शेतकरी मेळाव्यात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आपल्यापैकी अनेकांचे स्वतःचे गुऱ्हाळ आहे. गूळ कसा करावा हे आपणास सांगण्याची गरज नाही. आज मी तयार गुळाच्या वेष्टनाविषयी बोलणार आहे.

सौद्यात व्यापारी रवा फोडून कण पाहतो, चव घेतो. शहरातल्या गृहिणीला ती सोय नसते. तिला दिसतो फक्त रंग आणि वरचा कागद. पिवळाधमक गूळ चांगला, अशी तिची समजूत असते. या समजुतीपायीच काहिलीत हायड्रॉस पडू लागले. पण हा रंग टिकत नाही. काही दिवसांनी गूळ काळपट होतो आणि गंधकाचा अंश मात्र आत राहतो. गुळात सल्फर डायऑक्साइड ७० पीपीएमपेक्षा अधिक असू नये, असा नियम आहे.

मग रसायन न घातलेला, भेंडीच्या रसाने मळी काढलेला तांबूस गूळ विकायचा कसा? येथे वेष्टन कामी येते. 'रंगासाठी रसायन वापरलेले नाही, म्हणून रंग तांबूस आहे' एवढे एक वाक्य पाकिटावर ठळक छापा. जो रंग उणेपणा वाटत होता, तीच मग ओळख ठरते. मात्र हे वाक्य खरे असले पाहिजे.

आता आकाराचे पाहू. ३० किलोचा रवा चार माणसांच्या घरात कोण नेणार? दुकानदार तो फोडतो, उघड्यावर ठेवतो, त्यावर माश्या आणि मुंग्या येतात. त्याऐवजी अर्धा व एक किलोचे रवे किंवा लहान वड्या करा. गूळ हवेतील ओलावा ओढून घेतो व पावसाळ्यात पाघळतो. म्हणून खाद्यपदार्थांसाठी असलेली जाड, ओलावा न शिरणारी पिशवीच घ्या. गूळ पूर्ण थंड झाल्याशिवाय भरू नका. नाहीतर आत वाफ धरून पाणी सुटते. तोंड यंत्राने पक्के बंद करा.

पाकिटावर मालाचे नाव, आपले नाव व पत्ता, निव्वळ वजन, पॅकिंगचा महिना व वर्ष, कमाल विक्री किंमत, तक्रारीसाठी संपर्क, शाकाहाराचे हिरवे चिन्ह आणि अन्न सुरक्षा नोंदणीचा १४ अंकी क्रमांक छापा. प्रमाणपत्र नसताना 'सेंद्रिय' लिहू नका. कोल्हापूरच्या गुळाला २०१४ साली भौगोलिक मानांकन मिळाले आहे. ते चिन्ह वापरायचे तर अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदणी करावी लागते.

शेवटी एक सावधगिरीचा शब्द. वरच्या थराला निवडक फळे आणि खाली बारीक माल, अशी पेटी एकदाच खपते. गुळाचेही तसेच आहे. पहिले पाकीट वेष्टनामुळे विकले जाते, दुसरे आतल्या गुळामुळे.

सगळा माल एकदम पाकिटात भरू नका. या हंगामात एका काहिलीचा गूळ भरून पाहा. पिशवी, छपाई, मजुरी व वाहतूक यांचा किलोमागे खर्च मांडा आणि सौद्याच्या भावाशी ताडून पाहा. हिशेब जमला, तरच पुढच्या वर्षी वाढवा.