नव्वद दिवसांचा हिशेब



दिवाळी झाली की धारणी-चिखलदऱ्याकडची कोरकू माणसे अमरावती-अकोल्यास बांधकामावर येतात आणि होळीला मेळघाटात परततात. आपल्या शहरांतल्या कित्येक इमारती त्यांच्या घमेल्यांवर चढल्या आहेत. ह्या मजुरांसाठी 1996 साली कायदा झाला. मोठ्या बांधकामाच्या खर्चावर शेकडा एक रुपया उपकर घ्यावा व त्यातून नोंदणी झालेल्या मजुरास साहाय्य द्यावे, अशी ती योजना. पण नोंदणीसाठी वर्षात नव्वद दिवस काम भरले पाहिजे. 2020 च्या संहितेनेही ही अट ठेवली. ते दिवस सिद्ध कोणी करायचे? मजुराने!

एका मजुराच्या दाखल्यासाठी आम्ही चार ठेकेदारांची दारे झिजवली. एकाने वीस दिवस कबूल केले. दुसरा म्हणाला, "हा कोन? आपन नाई वळखत." गडी आमच्या मागे मुकाट उभा होता, त्याने विटा वाहिलेला जिना समोरच दिसत होता. त्या दिवशी आमची जीभ जरा सैल सुटली, हेही सांगून टाकतो.

आता बाजारातला हमाल पाहा. त्याचाही मालक रोज बदलतो. पण मजुरांनी झगडून मिळवलेल्या 1969 च्या माथाडी कायद्याने त्याची नोंद मंडळाकडे सोपवली. व्यापारी मजुरी व तिच्यावरची लेव्ही मंडळात भरतो, आणि नोंदलेल्या हमालाचा भविष्यनिर्वाह निधी साठत जातो. त्याला कोणाच्या दारी सही मागत हिंडावे लागत नाही. बांधकामावर असे का होऊ नये? आपल्यापैकी कोणाचे घर सध्या बांधून होत असेल, तर येत्या चुकाऱ्याला ठेकेदाराची हजेरीवही मागा आणि घमेले वाहणाऱ्या बाईचे नाव तीत आहे का, ते पाहा.